शस्त्रक्रियेला रजा मिळते, उपचाराला नाही

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे जे छापून येते त्यात आधीचे वजन असते, नंतरचे वजन असते, बहुधा दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी असतात आणि खर्चाचा आकडा असतो. रुग्ण नोकरी करत होता का, करत असेल तर एवढ्या तपासण्या, एवढ्या भेटी आणि नंतरचा पाठपुरावा त्याने कोणत्या रजेत बसवला, हे मात्र कुठेच नसते. बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या चाळिशीतल्या नोकरदाराला विचारून पाहा. पैशांइतकीच, कधी पैशांहूनही जास्त, त्याला धास्ती असते ती याचीच. पैशांसाठी विमा आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, अगदीच नाही तर कर्ज आहे. वेळ कुणी उसना देत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की ज्याला गरज आहे तो वेळ काढतोच. थोडे नियोजन केले की झाले. मला हे उत्तर अपुरे वाटते. ही अडचण एकेकट्या माणसाच्या नियोजनाची असती तर ती इतक्या जणांना भेडसावली नसती. कायद्यापासून कचेरीतल्या हजेरीयंत्रापर्यंत आपली रजेची सारी व्यवस्था एका जुन्या समजुतीवर उभी आहे: आजार म्हणजे सलग काही दिवस अंथरूण धरणे आणि मग बरे होऊन कामावर रुजू होणे. लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, वंध्यत्व, मानसिक आजार यांचे उपचार असे चालत नाहीत. ते वर्षानुवर्षे, तासा-दोन तासांच्या तुकड्यांत चालतात. म्हणून शस्त्रक्रिया रजेत बसते आणि उपचार बाहेर राहतो. त्याची किंमत रुग्णाबरोबर मालकही मोजतो आणि विमा कंपनीही.

आधी या उपचाराचे वेळापत्रक पाहू. भारतात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. रुग्णालयात दोन-तीन दिवस, आणि टेबलावरचे काम असेल तर एक-दोन आठवड्यांत माणूस पुन्हा खुर्चीवर. वजन उचलण्याचे काम असेल तर चार ते सहा आठवडे थांबावे लागते. एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. कोणत्याही बऱ्यापैकी नोकरीत पंधरा दिवसांची रजा मिळून जाते.

पण त्या पंधरा दिवसांच्या अलीकडे काही महिने असतात आणि पलीकडे उरलेले आयुष्य. शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी सर्जन, आहारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा मधुमेहतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एवढ्यांना भेटावे लागते. रुग्ण घोरत असेल तर झोपेची तपासणी होते, ती रात्रभर चालते. उपाशीपोटी रक्त, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी, टू-डी एको. एंडोस्कोपी गुंगीचे औषध देऊन केली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. म्हणजे सोबत कुणीतरी हवे, म्हणजे घरातल्या आणखी एकाची रजा. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार असतो, कारण यकृतातली चरबी उतरली की सर्जनला आत काम करणे सोपे जाते. हे दोन आठवडे रुग्ण बहुधा कामावरच असतो.

नंतरचा क्रम साधारण असा: पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत टाक्यांची तपासणी, मग एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि त्यानंतर दरवर्षी. दर खेपेला हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिने यांच्या चाचण्या. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे रुग्ण शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्याच देखरेखीखाली असावा लागतो, आणि पुढेही वर्षातून एकदा तपासणी व्हावी लागते.

हा पाठपुरावा म्हणजे केवळ उपचार पार पाडण्याचा शिष्टाचार आहे असे समजणारे पुष्कळ आहेत. वजन उतरले, कपडे सैल झाले, आता डॉक्टरकडे कशाला जायचे? प्रत्यक्षात धोका तिथूनच सुरू होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत उलट्या होत राहिल्या आणि थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडले तर मेंदूला आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. बी-१२ चे वेगळे. त्याचा साठा यकृतात असतो, तो हळूहळू संपतो आणि मुंग्या येणे, विसराळूपणा, थकवा अशी लक्षणे दिसायला वर्षे लागतात. आपल्याकडे ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले होते. म्हणजे आपला रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतो तोच अर्धी थैली रिकामी घेऊन. त्याने वार्षिक रक्ततपासणी चुकवणे हे युरोपातल्या मांसाहारी रुग्णाने चुकवण्यापेक्षा जास्त महागात पडू शकते.

वजनाचेही तसेच. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाने या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते हे २००७ मध्ये दाखवून दिले. त्याच अभ्यासात हेही दिसले की पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते आणि नंतर त्यातला काही भाग परत येतो. परत येणारे किलो थोपवायचे तर आहारतज्ज्ञाकडे जात राहावे लागते. म्हणजे उपचाराचे यश शस्त्रक्रियेच्या दिवसाइतकेच नंतरच्या किरकोळ वाटणाऱ्या भेटींवर अवलंबून आहे. नेमक्या त्याच भेटींना आपल्या नोकरीच्या नियमांत जागा नाही.

ती का नाही, हे कायदे उघडून पाहिले की कळते. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. त्या काळी हे मोठेच पाऊल होते. पण त्याच कलमात असेही म्हटले होते की ही रजा वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा विभागून घेता येणार नाही, आणि अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा. आजारपणासाठी अर्जाच्या मुदतीची सूट होती. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात कोकणात गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने तीन हप्त्यांत रजा ही सोयीचीच गोष्ट असणार. पण दर महिन्याला दोन तास रुग्णालयात जावे लागणारा माणूस त्या कलमाच्या डोळ्यांसमोर नव्हता. नव्या श्रमसंहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली. मोजमाप मात्र दिवसाचेच राहिले.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. म्हणजे मॉल, कॉल सेंटर आणि आयटी कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यातही वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि वीस दिवसांमागे एक अर्जित रजा एवढेच आहे. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्याने दिलेली नाही. कंपनीने स्वतःहून दिली तर दिली. आता वरचे वेळापत्रक या आठ दिवसांवर मांडून पाहा. आधीच्या भेटी-तपासण्या शहाणपणाने एकत्र बांधल्या तरी चार-पाच दिवस जातात, आणि पहिल्या वर्षातल्या नंतरच्या भेटी तेवढ्याच. मुलाचा ताप, आईचा मोतीबिंदू, गावाकडचे कार्य यांसाठी काहीच उरत नाही.

ज्यांचा पगार कमी आहे त्यांच्यासाठी राज्य कामगार विमा योजना आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता देणारी ही योजना, आणि त्या काळात कामगाराला काढता येत नाही हे तिचे मोठे बळ. पण तिथेही आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळलेले आहेत, आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांत पुन्हा आजारी पडला तर गोष्ट वेगळी. नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे: खोट्या एक-दोन दिवसांच्या दांड्यांना आळा. परिणाम मात्र असा की महिन्या-दोन महिन्यांनी एक दिवस रुग्णालयात जाणाऱ्या खऱ्या रुग्णाला त्या दिवसाचे काहीच मिळत नाही. तो सलग पडून राहिला असता तर मिळाले असते. सरकारी नोकरांचे त्या मानाने बरे. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा, अर्धवेतनी रजा आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा असे तीन दरवाजे त्यांना आहेत. खासगी नोकरीत कित्येक ठिकाणी तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापली जाते. वीस मिनिटांच्या भेटीसाठी सकाळी दोन तास उशीर होणे परवडत नाही म्हणून माणूस अख्खा दिवस सुट्टी टाकतो. यात मालकाने सहा तासांचे काम गमावले आणि कामगाराने एक रजा, दोघांच्याही हाती काही लागले नाही.

कामाचे ठिकाण हा फक्त निम्मा भाग झाला. रुग्णाच्या वेळावर रुग्णालयेही सढळ हाताने हक्क सांगतात. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग सकाळी. केसपेपरची रांग त्याहून सकाळी. सर्जरीच्या प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, मधुमेहाच्या ओपीडीचा वेगळा, मानसोपचाराचा आणखी वेगळा. तीन डॉक्टरांसाठी तीन वार, तीन सकाळी. खासगीत संध्याकाळच्या वेळा मिळतात, पण पाचची वेळ सातला येते, कारण सर्जन अजून थिएटरमध्ये असतो. डॉक्टरचा वेळ मौल्यवान आहे हे मान्यच. रुग्णाच्या वेळाची मात्र कुठल्याच बिलात नोंद होत नाही, म्हणून तो फुकट धरला जातो.

विमा कंपन्यांनी यात आपला वाटा घातला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या शब्दांनुसार लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, किमान ४० हवा, किंवा ३५ आणि त्यासोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा आजार हवा, आणि कमी तीव्रतेचे उपाय करून ते फसलेले असावेत. ही शेवटची अट वैद्यकीय दृष्ट्या योग्यच आहे. पण उपाय फसल्याचे कागद लागतात, आणि कागदांसाठी पुन्हा भेटी. त्यावर विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएच्या शंका, आणखी एक अहवाल, आणखी एक प्रमाणपत्र. या सगळ्यात सर्वांत मोठी विसंगती अशी की बहुतेक नोकरदारांचा विमा नोकरीशीच बांधलेला असतो. नोकरी सोडून उपचार करावेत तर विमा जातो. नोकरी ठेवून करावेत तर वेळ नाही. ज्या नोकरीमुळे शस्त्रक्रिया परवडते तीच नोकरी तिच्या आड येते.

शस्त्रक्रिया झाल्यावर रोजचा दिवसही बदलतो. कायदा सलग काही तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी देतो. ती डबा खाणाऱ्यासाठी आहे: एकदाच बसायचे, पोटभर जेवायचे, उठायचे. नव्या जठराला हे जमत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खावे लागते. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि तरीही दिवसभरात घोट घोट करत पुरेसे पाणी पोटात गेले पाहिजे. साठ ग्रॅमच्या वर प्रथिने त्या छोट्या घासांतूनच मिळवायची असतात. टेबलावर काम करणाऱ्याला हे कसेबसे जमते. बँकेच्या काउंटरवर, वर्गात, एसटीच्या चालकाच्या सीटवर किंवा कॉलवर असलेल्या माणसाला ते जमायला कुणाची तरी परवानगी लागते. ती मागायची म्हणजे कारण सांगावे लागते.

आणि कारण सांगायला आपले लोक तयार नसतात. ‘हर्नियाचे ऑपरेशन आहे’, ‘पित्ताशयातले खडे आहेत’ असे सांगून ही शस्त्रक्रिया करून आलेली माणसे प्रत्येक मोठ्या कचेरीत सापडतील. वजन ही आपल्याकडे थट्टेची आणि चारित्र्याची गोष्ट आहे. मधुमेहाला ‘नशीब’ म्हणतात, लठ्ठपणाला ‘खादाडपणा’. मग रजा मागणाऱ्याच्या मनातही शंका असतेच, की आपण स्वतःच ओढवून घेतलेल्या गोष्टीसाठी कंपनीचा वेळ मागतो आहोत. लपवण्याने पहिला बळी जातो तो पाठपुराव्याचा. हर्निया सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला कुणी जात नाही, त्यामुळे तिसऱ्या भेटीला सांगायला कारण उरत नाही.

या ‘स्वतःच ओढवून घेतले’ आक्षेपाला सरळ उत्तर द्यायला हवे, कारण वेळ नाकारण्यामागे तोच असतो. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच छायाचित्रासह एक निरीक्षण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. भारतीय शरीर कमी वजनातही जास्त चरबी बाळगते आणि लवकर मधुमेहाकडे झुकते, हे त्यातून जगाला कळले. २०२२ मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असे सुचवले, त्यामागे हेच कारण आहे. पाश्चात्त्य मापाने जो माणूस ‘जरा जाड’ ठरतो तो इथे आजारी असू शकतो. त्यात रात्रपाळी, दोन-दोन तासांचा प्रवास, रात्री नऊला जेवण यांची भर. हा दिनक्रम त्याने एकट्याने निवडलेला नाही. त्याच्या शरीराचा जो वेळ नोकरीने घेतला, त्यातला थोडा दुरुस्तीसाठी परत मागणे यात उपकार मागण्यासारखे काही नाही.

तरी समजा, एखाद्याचे वजन खरोखरच त्याच्या जिभेमुळे वाढले. तेव्हाही प्रश्न संपत नाही. कार्स्टन काल्टोफ्ट या डॅनिश बालसंगोपन कर्मचाऱ्याला बिलुंड नगरपालिकेने कामावरून कमी केले, तेव्हा खटला युरोपीय न्यायालयात गेला. १८ डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की लठ्ठपणा हे स्वतःच भेदभावविरोधी संरक्षणाचे कारण नाही. पण त्यामुळे माणसाला कामात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ते अपंगत्व ठरू शकते, आणि त्या अवस्थेला त्याचा स्वतःचा किती हातभार लागला हे पाहायचे नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. लठ्ठपणा त्यात नाही, आणि तो घालावा असा माझा आग्रहही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्या निकालामागचे तत्त्व. दारूमुळे बिघडलेल्या यकृताला किंवा हेल्मेट न घातल्याने फुटलेल्या डोक्याला रजा देताना आपण दोष विचारत नाही. मग इथेच का?

वजन आणि वेळ यांचे गणित सगळ्यांना सारखे नाही, हेही मान्य केले पाहिजे. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. अरुण जेटली यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री असताना दिल्लीत करून घेतली, नंतर त्यांना ‘एम्स’मध्येही दाखल व्हावे लागले. दोघांच्याही कामाचा भार सामान्य नोकरदारापेक्षा किती तरी मोठा होता. पण त्यांच्या भेटींची आखणी करायला कार्यालय होते, आणि त्यांची रजा कुणी मोजली नाही. मोठ्या माणसाच्या कामाचे वेळापत्रक त्याच्या उपचाराभोवती बसवता येते. छोट्या माणसाला आपला उपचार कामाच्या फटींत कोंबावा लागतो. बायकांच्या बाबतीत तर फटीही उरत नाहीत. जगभर या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत बायकांचे प्रमाण जास्त आहे, आणि घरातल्या प्रत्येक आजारपणाला सर्वांत आधी खर्च होते ती बाईचीच रजा. स्वतःच्या तपासणीची पाळी येईपर्यंत खात्यात काही शिल्लक नसते.

आता काही जण म्हणतील, इंजेक्शने आली आहेत, मग शस्त्रक्रियेचा हा खटाटोप हवा कशाला? टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आले. काहींची शस्त्रक्रिया त्यांनी टळेल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो, दुष्परिणाम पाहावे लागतात, आणि औषध थांबवले की वजन परत चढते. म्हणजे तिथेही डॉक्टरकडे जात राहणे आलेच. उपाय बदलला, तासांची गरज तीच राहिली. इतर दीर्घ आजारांतही हेच. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास लागतात. वंध्यत्वाच्या उपचारात सकाळच्या सोनोग्राफींची मालिका असते. लठ्ठपणा हे फक्त या सगळ्यातले सर्वांत दुबळे उदाहरण, कारण त्याची बाजू घ्यायला कुणी येत नाही. त्याला जे नियम पुरतील ते बाकीच्यांनाही पुरतील.

लहान मालकाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. चार माणसांच्या दुकानात एक जण वारंवार बाहेर गेला तर काउंटर कोण सांभाळणार? पण बॅरिआट्रिक रुग्णाच्या बहुतेक भेटी महिनोन् महिने आधी ठरलेल्या असतात. डेंग्यू सांगून येत नाही. सहा महिन्यांची तपासणी सांगून येते. ठरलेल्या दोन तासांची सोय लावणे हे अचानक बुडालेल्या दिवसापेक्षा सोपेच असते. आणि उपचार अर्धवट सोडलेला, थकलेला, रक्त कमी झालेला कामगार लहान दुकानालाच जास्त महाग पडतो.

तासांत रजा देणे ही कल्पना आपल्या कायद्याला परकीही नाही. मातृत्व लाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विरामांची सोय आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा दिली. म्हणजे शरीराच्या गरजा तुकड्या-तुकड्यांत येतात हे कायद्याने एका बाबतीत मान्य केलेले आहे. तेच तत्त्व पुढे नेऊन प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला चाळीस ‘उपचार-तास’ द्यावेत: दीर्घ आजारासाठी, एका वेळी एक-दोन तास घेता येतील असे, भरपगारी. प्रमाणपत्रावर फक्त तारीख, वेळ आणि ‘उपचाराधीन’ एवढेच असावे. आजाराचे नाव विचारण्याचा अधिकार मालकाला नसावा. चाळीस तास म्हणजे पाच दिवस. आज वीस मिनिटांसाठी जे पूर्ण दिवस वाया जातात, त्यांचा हिशेब मांडला तर मालकाचा यात तोटा होईल असे वाटत नाही. खाण्या-पिण्याचे छोटे विराम ही याच सवलतीची दुसरी बाजू. त्यांना तर पैसाही लागत नाही.

रुग्णालयांनीही आपल्या बाजूने हात लावायला हवा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सगळ्या भेटी दोन दिवसांत बसतील अशी एकत्रित ओपीडी करणे अशक्य नाही. कित्येक खासगी केंद्रे शनिवारी ते करतातही. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी फोनवर आणि व्हिडिओवर सल्ला देण्याला मान्यता दिली आहे. एंडोस्कोपी किंवा टाक्यांची तपासणी घरून होणार नाही, पण आहारतज्ज्ञाची भेट, रक्ताचा अहवाल वाचणे, गोळ्यांचा डोस बदलणे एवढे सहज होईल. रक्ताचा नमुना घरी येऊन नेणाऱ्या लॅब तर आता गल्लोगल्ली आहेत. विमा कंपन्यांनी या फोनवरच्या भेटींची नोंद ‘उपाय करून पाहिले’ याचा पुरावा म्हणून मानली पाहिजे.

हे सगळे होईपर्यंत शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या नोकरदाराने काय करावे? सर्जनकडून पहिल्याच भेटीत दोन वर्षांचे भेटींचे वेळापत्रक लेखी मागून घ्यावे आणि त्याच्याशी आपल्या रजेचा हिशेब जुळवून मगच तारीख ठरवावी. अर्जित रजा शस्त्रक्रियेच्या पंधरवड्यात सगळी संपवू नये. पुढच्या तपासण्यांसाठी काही दिवस बाजूला ठेवावेत. कंपनीत निदान एका माणसाला, मनुष्यबळ विभागातल्या किंवा थेट वरिष्ठाला, खरे सांगावे, म्हणजे तिसऱ्या महिन्यात नवे निमित्त शोधावे लागणार नाही. आणि दुसऱ्या वर्षाची रक्ततपासणी, वजन कितीही छान उतरलेले असो, चुकवू नये.

पण ही तडजोड आहे, आणि तिच्यावर समाधान मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन जास्त होते. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालाने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे सांगितली. एवढ्या लोकांचे उपचार अधूनमधून, तासा-तासांनी, काम करत असतानाच होणार आहेत. कामगार संघटनांनी पगारवाढ आणि बोनसच्या यादीत उपचार-तासांची मागणी घालावी आणि राज्य सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात तिला जागा करून द्यावी. शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपयांचा विमा उतरवायचा आणि तिच्यानंतरच्या तपासणीसाठी दोन तास नाकारायचे, हा व्यवहार विमा कंपनीच्या, मालकाच्या आणि रुग्णाच्या, तिघांच्याही तोट्याचा आहे.